दख्खनची तीन शहरे आणि एक मित्र

विजापूरचा गोल घुमट एकट्याने पाहता येत नाही. म्हणजे तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतो, कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याचा जिना चढून वरच्या सज्जातही पोहोचू शकतो. पण त्या सज्जाची खरी गंमत कळायची, तर समोरच्या बाजूला आपले कोणी तरी उभे असावे लागते. इकडे आपण भिंतीकडे तोंड करून हळूच बोलायचे आणि तिकडे, सुमारे सव्वाशे फुटांवर, त्याने भिंतीला कान लावून ऐकायचे. शेजारी बसून कुजबुजावे इतके स्पष्ट ऐकू येते. आवाज गोल भिंतीला धरून तिच्या वळणावळणाने पुढे सरकतो, वाटेत फारसा विखुरत नाही, म्हणून हे घडते. सकाळी दार उघडताच गेलात तरच याचा अनुभव नीट येतो. एकदा शाळांच्या सहली आल्या की टाळ्या, शिट्ट्या आणि आरोळ्या यांचाच घुमार उरतो.

ही इमारत म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. तो १६५६ साली वारला. आतली जागा अठरा हजार चौरस फुटांहून अधिक आहे आणि मध्ये एकही खांब नाही. खालचे दालन चौकोनी आणि वरचा घुमट गोल. मग चार कोपऱ्यांचे करायचे काय? बांधणाऱ्यांनी आठ प्रचंड कमानी एकमेकींना छेदतील अशा उभ्या केल्या. एका चौकोनावर दुसरा चौकोन तिरपा ठेवला की जशी आठ टोकांची चांदणी तयार होते, तशी ही रचना. कमानी वर जाता जाता आत झुकतात, चौकोनाचा हळूहळू गोल होतो आणि त्यावर घुमट बसतो. घुमटाचे वजन बाहेर ढकलू पाहते, कमानींचा भार त्याला आत ओढून धरतो. दोन उलट दिशांच्या जोरांनी एकमेकांना सांभाळायचे, एवढाच त्याचा हिशेब. तो साडेतीनशेहून अधिक वर्षे चुकलेला नाही. हे काम करणारा याकूत हा दाभोळचा, म्हणजे आपल्या कोकणातला, असे परंपरा सांगते.

जुन्या शहरांत हिंडताना सोबत कोण असावे, याविषयी आज थोडे बोलायचे आहे. पाहण्याच्या ठिकाणांच्या याद्या पुष्कळ मिळतात. सोबतीविषयी मात्र कोणी सांगत नाही. विजापूर, गुलबर्गा आणि बिदर ही तीन शहरे मी ज्या मित्राबरोबर पाहिली, ते सोलापूरचे निवृत्त शाळामास्तर. त्यांच्या घरची भाषा कन्नड, शाळेतली मराठी, गळ्यात इष्टलिंग. माझ्या घरची भाषा दखनी, शाळेतली मराठी आणि लिहिण्याचीही मराठीच. म्हणजे आम्हा दोघांची समाईक भाषा मराठी, आणि जायचे होते कर्नाटकात. २०१४च्या नोव्हेंबरपासून विजापूर अधिकृतरीत्या विजयपुरा झाले आहे आणि गुलबर्गा कलबुर्गी. मी मराठीत रुळलेली नावेच वापरतो आहे.

निघण्यापूर्वी मास्तर म्हणाले, ‘‘आधी मंगळवेढा. बिदरला जायचं तर दामाजीला सांगून जावं.’’

मराठी माणसाला बिदर माहीत झाले ते इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे, कीर्तनातून. दामाजीपंत हे मंगळवेढ्याचे बहमनी अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली. बादशहाचे बोलावणे आले. तेव्हा विठ्ठल महाराच्या वेषात बिदरला गेला, दरबारात धान्याचे पैसे मोजून दिले आणि रीतसर पावती घेऊन आला, अशी ही कथा. मला त्यातली पावती फार आवडते. साक्षात देव झाला तरी सरकारी रक्कम भरल्याचा कागद घ्यायला विसरत नाही! याच मंगळवेढ्याची कान्होपात्रा. तिच्या कथेतही बिदरचा बादशहाच आहे, पण तिथे तो जुलमी आहे. तिला जनानखान्यात न्यायला त्याची माणसे येतात आणि ती विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवते. चोखोबांचा अंतही याच गावी झाला. एका गावाच्या दोन कथांत एकच दरबार एकदा नमतो आणि एकदा छळतो. लोकांच्या आठवणीत या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहिल्या आहेत. दोन्ही सोबत घेऊनच पुढे जावे.

विजापूर म्हटले की मराठी मनाला अफजलखान आठवतो, १६५९ सालचा प्रतापगड आठवतो. ते स्वाभाविक आहे. पण याच दरबारात शहाजीराजे मातब्बर सरदार होते. अहमदनगरची लेक चांदबिबी इथे सून म्हणून आली आणि तिने लहानग्या इब्राहिमच्या नावाने इथला कारभार पाहिला. आपण चांगल्या वक्त्याला ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतो, ती तोफ इथे शेरझा बुरुजावर पाहायला मिळते. वजन सुमारे ५५ टन, तोंडाशी जबडा वासलेले श्वापद. ती ओतली गेली १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. ओतणारा मुहम्मद रूमी हा तुर्क. तिथून ती परांड्याच्या किल्ल्यात आली आणि १६३२ साली परांड्याहून विजापूरला. एवढे धूड बैलांनी आणि हत्तींनी कसे ओढले असेल, याचा विचार करत आम्ही बुरुजावर बराच वेळ बसलो. मास्तर म्हणाले, ‘‘तोफ एवढी हिंडली, पण लोकांच्या तोंडी राहिली ती मराठी म्हण होऊन.’’

ज्याच्या नावाने चांदबिबीने कारभार पाहिला, तो दुसरा इब्राहिम आदिलशहा हा या शहरातला माझा आवडता माणूस. कारकीर्द १५८० ते १६२७. हा राजा कवी आणि गवई. त्याने दखनी भाषेत ‘किताब-ए-नवरस’ हा गीतसंग्रह रचला. गीते रागांनुसार लावलेली आणि त्यांत सरस्वती व गणेश यांचे स्तवन. आपल्या तंबोऱ्याचे नाव त्याने मोतीखान ठेवले होते. प्रजा त्याला जगद्गुरू म्हणे. त्याचा इब्राहिम रोजा गोल घुमटापेक्षा आकाराने लहान, पण नक्षीत उजवा. दगडी जाळ्यांत अक्षरेच कोरलेली आहेत. म्हणजे अक्षरांमधून उजेड आत येतो. कवीला आणखी काय हवे!

त्याच्या आधीच्या पहिल्या इब्राहिमने केलेली गोष्ट मात्र आपल्या रोजच्या बोलण्याशी जोडलेली आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने हिशेबाच्या दफ्तरातून फारसी बाजूला सारली आणि देशी भाषेत नोंदी ठेवायला लावल्या. ते काम ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेले. फिरिश्ता या इतिहासकाराने तसे नोंदवले आहे आणि फिरिश्ता स्वतः विजापूर दरबारातच राहून लिहीत होता. आदिलशाहीतले फारसी आणि मराठी असे दुभाषी कागद आजही अभ्यासकांना पाहायला मिळतात. वर फारसी, खाली मोडीतली मराठी. फडणीस, चिटणीस, मुजुमदार ही आडनावे अशाच दफ्तरांतून आली. तारीख, अर्ज, महसूल, शिफारस, दस्तऐवज हे शब्द गाळून आजही तलाठ्याकडे काम होणार नाही.

गोल घुमटात आम्हाला एक वाटाड्या मिळाला. त्याने रंभा नावाच्या नर्तकीची गोष्ट सांगितली. राजाने गमतीने म्हटले, माझ्यावर प्रेम असेल तर इथून उडी मार, आणि तिने मारली. रंभेची म्हणून दाखवतात ती कबर आत आहेच. उडीची गोष्ट मात्र वाटाड्यांच्या तोंडची. अशा गोष्टी खऱ्या मानू नयेत, पण ऐकून जरूर घ्याव्यात. राजांविषयी लोकांना काय वाटत होते, हे त्यांतून कळते. इमारत राजाची असते, गोष्ट लोकांची असते.

दुपारी आम्ही जेवायला गेलो. पाटी कन्नड लिपीत होती. मास्तरांनी वाचली, ‘‘खानावळी.’’ शब्द आपलाच, शेवटी एक वेलांटी वाढलेली. ताटात आले ते जोळद रोट्टी, एण्णेगायी आणि शेंगा चटणी. म्हणजे ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि सोलापुरात घरोघरी असते ती शेंगदाण्याची चटणी. वाढणाऱ्याने वाटीत तूप घातले. मास्तर म्हणाले, ‘‘आम्ही याला तुप्प म्हणतो. तुमच्या मराठीनं आमच्याकडूनच घेतलंय. अण्णा, अक्का आमचेच. अडकित्तासुद्धा. अडिके म्हणजे सुपारी.’’ मी म्हटले, ‘‘मास्तर, आमचा विठ्ठलसुद्धा तुमच्याकडचाच. ज्ञानेश्वरच त्याला कानडा म्हणतात.’’ त्यावर ते म्हणाले, ‘‘मग बिल तुम्ही द्या.’’

विजापूरहून आम्ही बसने गुलबर्ग्याला गेलो. वाटेत तूर आणि ज्वारी, काळी जमीन, मधूनच पांढरट दगडाची घरे. १३४७ साली अल्लाउद्दीन हसनने दिल्लीपासून फुटून बहमनी राज्य उभारले आणि त्याची राजधानी इथे झाली. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ सालची आहे. मशिदीला सहसा मोकळे अंगण असते, लोक उघड्या आकाशाखाली नमाज पढतात. इथे सगळेच छपराखाली आहे. अनेक छोटे घुमट, खाली ओळीने कमानी आणि बाजूंच्या मोठ्या कमानींतून तिरपा येणारा उजेड. उन्हाळ्यातले गुलबर्ग्याचे ऊन ज्याने सोसले आहे, त्याला या छपराचे मोल सांगावे लागत नाही.

पण गुलबर्ग्याचे खरे नाव दूरवर गेले ते ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्यामुळे. जन्म १३२१, मृत्यू १४२२. त्यांचे बालपण आपल्या दौलताबादेत गेले, वडील सय्यद राजू कत्ताल यांची कबर खुलताबादेत आहे. पुढे ते दिल्लीला गेले आणि ऐंशीच्या घरात पोहोचल्यावर पुन्हा दख्खनमध्ये येऊन गुलबर्ग्याला स्थिरावले. दर्ग्यात सर्व जातीधर्मांची माणसे येतात. गावात दुसरे मोठे ठिकाण म्हणजे शरणबसवेश्वरांचे मंदिर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले हे लिंगायत संत, दासोहासाठी म्हणजे अन्नदानासाठी प्रसिद्ध. मास्तर माझ्याबरोबर दर्ग्यात आले, डोक्याला रुमाल बांधून. मी त्यांच्याबरोबर मंदिरात गेलो. दर्ग्यात माझ्या ओळखीचे काय आणि मंदिरात त्यांच्या ओळखीचे काय, हे आम्ही एकमेकांना समजावून सांगत होतो. समजावून सांगताना आपल्यालाच आपले नव्याने कळते. एकट्याने गेलो असतो तर दोघेही हात जोडून, फातिहा पढून, परत फिरलो असतो.

आता दखनीविषयी थोडे. दखनी ही चौदाव्या शतकापासून या प्रदेशात वाढलेली भाषा. दिल्लीकडून आलेल्या बोलीला इथल्या मराठी, कन्नड आणि तेलुगूची संगत लागली. ‘नको’चे तिने ‘नक्को’ केले. जोर देण्यासाठी मराठी माणूस ‘मीच’, ‘आजच’ म्हणतो. तो ‘च’ दखनीने जसाच्या तसा उचलला. माझी आई ‘मैंच आती’ असे म्हणे. उत्तरेतल्या उर्दूवाल्याला हे ऐकून हसू येते. सिनेमातही दखनी बोलणारा बहुधा विनोदीच असतो. त्यामुळे आमच्या घरांतली मुले शाळेत जाऊ लागली की ‘नीट बोल’ असे आईबापच सांगतात. नीट म्हणजे पुस्तकातल्यासारखे. पण ज्या भाषेत एका राजाने रागदारीची गीते रचली, ती बिघडलेली उर्दू कशी असेल? उत्तरेत उर्दू कविता बहराला येण्यापूर्वीच दखनीत मोठे काव्य लिहून झाले होते. ती इथल्या मातीची भाषा आहे आणि तिच्या अंगावर मराठीचे दागिने आहेत.

सूफींनी या भाषेत एक प्रकार रचला, त्याचे नाव चक्कीनामा. चक्की म्हणजे जाते. दळताना बायकांनी म्हणायची ही गाणी. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाच्या नावाचे पहिले अक्षर. जात्याचे फिरणे म्हणजे नामस्मरण. सूत कातताना म्हणायचा तो चरखानामा. रिचर्ड ईटन या इतिहासकारांनी विजापूरच्या सूफींवरील आपल्या १९७८च्या ग्रंथात या गाण्यांचा अभ्यास मांडला. त्यांचे म्हणणे असे की, दख्खनच्या खेड्यापाड्यांत इस्लामची शिकवण पोहोचली ती मोठ्या ग्रंथांतून नव्हे, तर अशा घरगुती गाण्यांतून, बायकांच्या तोंडून. हे वाचताना मराठी माणसाला जात्यावरच्या ओव्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसतो, अशी आपली श्रद्धा. जाते एकच. एका घरी त्याच्या खुंट्यात अलिफ दिसला, दुसऱ्या घरी शेजारी विठू बसला. पहाटे उठून दोन पायल्या दळायच्या त्या दोन्ही घरच्या बायकांनीच.

गुलबर्ग्यात एका ओळखीच्या घरी आम्ही जेवायला गेलो. माझ्यासाठी तहारी होती, म्हणजे मटण घालून शिजवलेला मसालेभात; मास्तरांसाठी भाकरी आणि डाळ. त्या घरातल्या आजी नव्वदीच्या पुढच्या. त्यांना मी चक्कीनाम्याविषयी विचारले. नाव त्यांना ठाऊक नव्हते. ‘‘दळताना काही म्हणत होता का?’’ असे विचारताच त्यांचा उजवा हात मांडीवर गोल फिरू लागला. हात फिरला तशी चाल आली. शब्द मात्र येईनात. एखादे नाव, एखादे यमक, पुन्हा नुसती गुणगुण. खोलीत सगळे गप्प झाले. त्यांची नात कॉलेजात शिकणारी, तिने हे कधी ऐकलेच नव्हते. मास्तर हळूच म्हणाले, ‘‘चाल आमच्या आईची आहे.’’ त्यांच्या आई कन्नडमध्ये म्हणत, इथे दखनी आणि माझ्या शेजारच्या घरी मराठी. आजीबाईंचे जाते आता मोरीत नळाखाली पालथे पडले आहे, त्यावर कपडे धुतात.

मी घुमट पुष्कळ पाहिले. घुमटांची काळजी घ्यायला पुरातत्त्व खाते आहे, कुंपण आहे, पाटी आहे. या चालीला ना कुंपण ना पाटी. ती एका म्हातारीच्या हाताबरोबर फिरते आणि हात थांबला की थांबणार.

तिसरे शहर बिदर. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून इथे आली. इथे पाहायचा तो महमूद गवानचा मदरसा, बांधकाम १४७२ सालचे. महमूद गवान हा इराणातून आलेला व्यापारी, पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. कोकणात आणि गोव्यापर्यंत त्याने मोहिमा केल्या. मदरशाला तीन मजले, मोठे ग्रंथालय आणि दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या-पिवळ्या फरशांची अक्षरे. आज त्यातला एकच मनोरा उभा आहे. १६९६ साली स्फोटात निम्मा दर्शनी भाग उडाला. ज्याने तो बांधला, त्याचाही शेवट दुर्दैवी. दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र तयार केले आणि दारूच्या नशेतल्या सुलतानाने १४८१ साली त्याचे शिर उडवायला लावले. दख्खनी आणि परदेशी अशा दोन तटांचे हे वैर होते. या शहरांत सगळी गोडीगुलाबीच होती, असे मी म्हणणार नाही. इथे युद्धे झाली, लुटालूट झाली, देवळे पडली, भावाने भावाचे डोळे काढले. पण तेवढेच झाले असते, तर बिदरी भांडे तयार झाले नसते.

बिदरी भांडे कसे घडते ते सांगतो. जस्त पुष्कळ आणि त्यात थोडे तांबे. साधारण सोळाला एक असे प्रमाण. ते वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करायचे, म्हणजे टोकदार हत्याराने नक्षी रेखता येते. रेघांवर छिन्नीने खाचा पाडायच्या आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा हातोडीने ठोकून बसवायचा. पुन्हा घासले की सगळे भांडे एकाच पांढुरक्या रंगाचे दिसते. खरी जादू शेवटी. बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात घालून ते भांड्यावर चोळतात. त्याबरोबर जस्ताचा भाग कायमचा काळाभोर होतो आणि चांदीला काही होत नाही. मग तेलाचा हात फिरवायचा. ही माती ऊन-पावसापासून आडोशाला राहिलेली असावी लागते. चांगली माती कोणती, हे कारागीर जिभेला लावून ओळखतात. मीही किंचित चाखली, खारट, तुरट. शहराची चव घेणे म्हणतात ते हेच असावे. २००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी या बिदरी कारागिराला पद्मश्री.

ही कला इराणकडून आली असे परंपरा सांगते, पण तिला काळेपण दिले ते इथल्या मातीने. बिदरच्या सुरंगबावीचेही तसेच. इराणात जमिनीखालून उताराचा बोगदा खणून दूरचे पाणी गावात आणतात आणि ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी ठेवतात, म्हणजे हवा, उजेड आणि गाळ काढायला वाट मिळते. नौबादला ही रचना खडकात खणलेली आहे. छत्रपती संभाजीनगरातली नहर आणि बऱ्हाणपूरचा खुनी भंडारा ही याच घराण्यातली. तंत्र परदेशी, पाणी इथले, आणि खणणारे हातही इथलेच.

बिदरपासून जवळच अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांतल्या अहमदशहा वलीला मुसलमान वली मानतात आणि अनेक लिंगायत भक्त त्याला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. होळीच्या सुमारास त्याचा उरूस भरतो. मुसलमानी महिन्यांप्रमाणे नव्हे, हिंदू पंचांगाप्रमाणे! जंगमस्वामी भक्तांसह येतात, शंख वाजतो, नारळ फुटतो. घुमटाच्या आत सोनेरी अक्षरांत अरबी-फारसी मजकूर आहे. मास्तर खूप वेळ वर पाहत उभे होते. मला म्हणाले, ‘‘वाचून दाखवा.’’ मला जमले तेवढे वाचले. मग त्यांनी अल्लमप्रभूंविषयी सांगितले, मी ऐकले. दुपारी नानक झिरा गुरुद्वारात लंगरला बसलो. सगळ्या प्रवासात आमच्या दोघांच्या ताटात एकच अन्न आले ते तिथे.

बिदरशी जोडलेला आणखी एक माणूस मला मराठी वाचकांना आठवून द्यायचा आहे. शहा मुंतोजी. बहमनी राजघराण्यातला, असे परंपरा मानते. त्याने संन्यस्त वृत्ती धरली, मृत्युंजय हे नाव घेतले आणि मराठीत अध्यात्मपर ग्रंथ लिहिले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे नाव आपण घेतो, वारकरीही घेतात. मुंतोजी मात्र वाङ्मयेतिहासाच्या पानांत राहिला. ‘‘तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं चांगलं कसं लिहिता?’’ असे मला कौतुकाने विचारणारी माणसे अजून भेटतात. त्यांच्यावर मी रागावत नाही. त्यांना मी बिदरला जाऊन यायला सांगतो.

कारण ही शहरे आज आपण अर्धी अर्धी पाहू लागलो आहोत. कोणी फक्त दर्ग्याला येतो आणि तिथूनच गाडीत बसतो. कोणी फक्त मंदिर करतो. सहलीतल्या मुलांना एवढेच सांगितले जाते, की इथे शत्रू राहत होता. दुसरीकडे कोणी फक्त ‘आपल्या’ बादशहांचे वैभव मोजतो आणि त्यांच्या जुलमांविषयी गप्प बसतो. प्रत्येक जण आपला अर्धा भाग घेऊन घरी जातो आणि तोच पुरा समजतो. मग घरी भाकरीबरोबर खाल्लेले तूप, कचेरीत दिलेला अर्ज आणि जात्यावरची चाल कुठून आली, हे कळण्याचा रस्ताच बंद होतो. जे कुठून आले हे कळत नाही, ते टाकून द्यायला माणसाला वेळ लागत नाही.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. सोलापूर, लातूर, धाराशिव, सांगली यांतून कुठूनही ही शहरे फार लांब नाहीत. चार दिवस पुरतात, हिवाळा उत्तम. जाताना असा मित्र शोधा, ज्याच्या घरी तुमच्या घरापेक्षा वेगळी भाषा बोलतात किंवा वेगळी प्रार्थना होते. पाट्या त्याला वाचू द्या, तुम्ही कबरींवरचे लेख विचारा. खानावळीत पदार्थांची नावे विचारा आणि आपल्याकडे त्याला काय म्हणतात ते सांगा. वाद होईल, होऊ द्या. संध्याकाळी चहा एकत्र घ्या. आणि ज्या घरी उतराल तिथे म्हातारे माणूस असेल, तर कॅमेरा किल्ल्यासाठी राखून ठेवू नका. त्यांना विचारा, दळताना, कांडताना, पाळणा हलवताना तुम्ही काय म्हणत होता? शब्द आठवले नाहीत तरी चालेल. चाल तेवढी मोबाइलमध्ये उतरवून घ्या.

किल्ले अजून शंभर वर्षे तिथेच राहतील. त्या आजींना भेटायला मात्र येत्या थंडीतच जायला हवे. मास्तरांनी सुट्टीचे दिवस पाहून ठेवले आहेत आणि या वेळी त्यांच्या बहिणीलाही न्यायचे ठरले आहे. आईची गाणी तिला पाठ आहेत म्हणे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)